सायकलच्या नळीवरचा घाव

चोरीची ती बातमी चार ओळींची होती. ती मी लिहिली होती आणि तिच्यातली एकही ओळ मी तपासलेली नव्हती. फौजदारांनी चौकीच्या पायरीवर उभे राहून जे सांगितले ते मी उभ्याउभ्या वहीत उतरवून घेतले आणि दुपारच्या टपालात टाकले. पुढच्या अंकात ती चौथ्या पानावर छापून आली. नंदुरबारच्या सायकल-शर्यतीत पहिला आलेला डोंगरी इसम चोरीच्या विलायती सायकलीवर बसला होता असे उघडकीस आले असून सायकल जप्त झाली आहे. मूळ मालक शहादे तालुक्यातील एक प्रतिष्ठित बागाईतदार आहेत, असा मजकूर होता.

दुसरे महायुद्ध सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होते आणि मी धुळ्याच्या एका साप्ताहिकाचा तिथला बातमीदार होतो. मिरचीची आवक, गंजीला लागलेली आग, रुळावर सापडलेले जनावर, साहेबांचे दौरे, असे काम चाले. चौकीतून मिळालेली बातमी खरी धरायची हा रिवाज होता. मला तो कोणी शिकवला नव्हता. मी तो आपसूक उचलला होता.

शर्यत दिवाळीनंतरच्या थंडीत गावातल्या एका व्यायामशाळेने ठेवली होती. स्टेशनच्या रस्त्यावरून निघायचे, तापीच्या काठापर्यंत जायचे आणि परत यायचे. ज्याच्याकडे सायकल असेल त्याने यावे, असे पत्रकात छापले होते. पत्रक लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वकिलांची मुले होती, अडत्यांचे पुतणे होते, बागाईतदारांची कॉलेजात जाणारी मुले होती. तळोद्याच्या वरच्या डोंगरातून कोणी येईल असे कोणाच्या मनात आले नव्हते. तो आला. आदल्या दिवशी सायकल होडीत घालून त्याने तापी ओलांडली आणि स्टेशनबाहेरच्या लिंबाखाली मुक्काम केला. वय तिशीचे, अंग काटक, कमरेला लंगोटी, वर जुनी बंडी. सायकलीला डांबर फासलेले होते. मडगार्ड नव्हते, घंटी नव्हती, आणि हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले होते.

एका अडत्याच्या पुतण्याने विचारले, "काय रे, तुन्ही सायकलनी मान मोडी गई का?"

"मोडी नही," तो म्हणाला. "वाकीसन पळस ती."

तापीच्या काठाहून तो परत आला तेव्हा पंच अजून फीत बांधत होते. दुसरा येईपर्यंत त्याने हापशावर जाऊन तोंड धुतले, पाणी पिऊन घेतले आणि सायकलीच्या चाकांवरची माती काढली. दुसरा आलेला मुलगा ब्राह्मणपुरीच्या एका बागाईतदाराचा होता. बागाईतदार पाहुण्यांच्या खुर्चीवर होते. त्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा उठले, डांबर फासलेल्या सायकलीभोवती एक फेरी मारली, पुढच्या नळीच्या सांध्यावर बोट फिरवले आणि फौजदारांकडे वळून म्हणाले, "हाई तं आमनी सायकल शे."

पाव तासात सायकल चौकीत गेली. सायकलवाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोठडीत होता. त्याच्याकडून चारोळी घेणारा तळोद्याचा एक व्यापारी जामीन राहिला, म्हणून सुटला. बक्षिसाचे भिंतीवरचे घड्याळ त्याच दुपारी दुसऱ्याला देण्यात आले. दुसरा आलेला मुलगा फिर्यादीचाच होता ही गोष्ट मला माहीत होती. माझ्या चार ओळींत ती नव्हती.

अंक निघाल्यावर आठवड्याभराने तो माझ्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. हातात त्या पानाची घडी होती. तळोद्याच्या बाजारात कोणीतरी त्याला ती वाचून दाखवली होती. डोंगरातले लोक मामलेदारालाही 'तू' म्हणतात, त्याप्रमाणे त्याने मलाही म्हटले.

"हाई तू लिखं का, भाऊ?"

मी हो म्हटले.

"मन्ही सायकल चोरीनी शे, हाई तुले कोन सांगं?"

"फौजदारांनी."

"माले इचारं का?"

"नाही."

"मी तं तठेच व्हतू. चौकीना ओटावर बठेल व्हतू. तू मन्हा समोरतून गया." त्याने पाय पुढे केला. "मन्हा पायले तुन्हा पाय लागना. तू सांगं, सरक."

मला ते आठवत नव्हते. खोटे असण्याचे मात्र काही कारण नव्हते.

तो रागावला नव्हता, निदान त्याचा आवाज चढला नव्हता. त्याने जे पुढे सांगितले ते मी या वेळी नीट उतरवून घेतले. तो दहा-अकरा वर्षांपूर्वी ब्राह्मणपुरीला आप्पांच्या घरी सालदार होता. आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपते आणि आखाजीलाच नवे सुरू होते. तीन साले करून तो डोंगरात परत निघाला, त्या आखाजीला आप्पांच्या वडिलांनी त्याला गोठ्यात पडलेला सायकलीचा सांगाडा दिला. चाके नव्हती, साखळी नव्हती, खालची नळी तडकलेली होती. म्हाताऱ्याने नुसता उचलून दिला नाही. छिन्नी मागवली, उंबऱ्यावर बसून नळीवरचे नाव मोडले, आणि मग दिला.

हे नाव मोडणे काय असते ते बाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. आमच्या भागात नाव घातल्याशिवाय भांडे घरात येत नाही. लग्नात आलेल्या प्रत्येक हंड्या-परातीवर कासार बारीक ठिपक्यांनी देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव ठोकून देतो. असे नावाचे भांडे पुढे कोणाला द्यायचे झाले, तर देणाऱ्याने स्वतःच्या हाताने त्या नावावर छिन्नीचा एक आडवा घाव घालायचा. घाव असला की भांडे दिलेले. घाव नसला तर ते उसने आणलेले असते, नाहीतर चोरलेले. यावर कोणी कागद करत नाही, कारण कागद वाचणारे थोडे आणि घाव ओळखणारे सगळे.

"मग घाव दाखव ना त्यांना," मी म्हटले.

"घाव पट्टीना खाले शे," तो म्हणाला.

तळोद्याच्या लोहाराने तडकलेल्या नळीभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळून वर पितळ ओतले होते. नाव, घाव आणि तडा, तिन्ही पट्टीखाली होते.

पुढच्या तीन आठवड्यांत मी जे केले ते बातमी छापण्यापूर्वी करायचे होते. आधी सायकल पाहिली. मुद्देमालाच्या खोलीत ती गांजाच्या पोत्यांना टेकून ठेवली होती. फौजदार देशावरचे होते. त्यांना माझी उठाठेव विनोदी वाटली. "पाहा, पाहा. तिचं कूळ-गोत्र काढा," ते म्हणाले. मी डांबर खरवडले. आजवर पाहिलेल्या कोणत्याही सायकलीपेक्षा तिच्या नळ्या बारीक होत्या. नखाने टिचकी मारली तर काचेसारखा आवाज येई. सांध्यांवर पानांची नक्षी कापलेली होती. पुढच्या नळीवर कारखान्याचा बिल्ला असावा, कारण त्याची दोन भोके शिल्लक होती. जिथे दोन्ही पायडलांचा दांडा बसतो त्या नळीच्या तळाशी एक क्रमांक ठोकलेला होता. मागचे चाक नंतर बसवलेले होते, तरी ते आणि पायडल एकत्रच फिरत. पाय थांबवला तर चाक थांबे. अशी सायकल शर्यतीशिवाय कशासाठीही केलेली नसते.

क्रमांक घेऊन मी नंदुरबारच्या जुन्या सायकलवाल्या शेठकडे गेलो. ते हवा भरण्याचा पंप दुरुस्त करत होते. मी नक्षीचे वर्णन केले तेव्हा त्यांनी पंप खाली ठेवला.

"ती साहेबनी गाडी," ते म्हणाले. "रेल्वेना इंजिनेर व्हता. मी धाकला व्हतू. रोज सकायले हाफ पँट घालीसन तळोदाना रस्तावर पळाडे. लोकेसले वाटे, कोनी मांगे लागेल शे. तो विलायतले गया, मन्हा बापनी गाडी ली ठेवी. पाच-सात वरीस आठेच टांगेल व्हती. ना मडगार्ड, ना क्यारियर. गिऱ्हाईक सांगेत, शेठ, हाई सायकल उपाशी शे का?"

"मग गेली कोणाकडे?"

"एक मामा उना. पोरनं लगीन ब्राह्मणपुरीले ठरेल व्हतं. जावई सांगस, विलायती सायकल पाहिजे. मामाले विलायती म्हंजे काय ते मालूम नही. मन्हा बापनी वर बोट दखाडं." शेठ हसले, मग हसणे थांबले. "मामा लगेच कासारकडे निंघना. नाव घालानं. मी सांगं, मामा, हाऊ पाइप शे, तांब्या नही. आंडाना कवचसारखा पातळ शे. ठोकशी तर मोडी जाई. तो सांगस, नाव नही ऱ्हायनं तर जावईले मी दिधी हाई लोकेसले कसं समजी?"

कासाराने खालच्या नळीवर, तिच्या अर्ध्या लांबीत, जावयाचे नाव, सासऱ्याचे नाव आणि लग्नाची तिथी ठोकली. ठिपक्यांची ती ओळ म्हणजे कागद फाडण्यापूर्वी पाडलेल्या भोकांची ओळ. जावई, म्हणजे आजचे आप्पा, तिसऱ्या दिवशी सायकलीवरून पडला, कारण पाय थांबवता येत नव्हते आणि धोतर साखळीत गेले. त्यानंतर घरात कोणी तिच्यावर बसले नाही. मळ्यातून चारा आणताना तिच्या नळ्यांवर पेंढ्या बांधून ती गाढवासारखी ढकलत आणत. एके दिवशी नळी ठिपक्यांच्या ओळीवरच तडकली. चाके काढून मुलांच्या खेळण्यातल्या गाडीला गेली आणि सांगाडा गोठ्यात पडला. हे पुढचे मला सालदाराने सांगितले होते. शेठच्या सांगण्याशी ते सांधून जुळले.

ही साखळी पूर्ण करून मी फौजदारांकडे गेलो. साहेब, शेठ, सासरा, जावई, गोठा, सालदार. फौजदारांनी ऐकून घेतले आणि समाधानाने मान हलवली.

"म्हणजे सायकल आप्पांची, हे तुम्हीच सिद्ध केलंत. आम्हाला शेठ माहीत नव्हता. उद्या त्याचा जबाब घेतो."

मी म्हटले, "ती पुढे याला दिलेली आहे."

"कोणी?"

"आप्पांच्या वडिलांनी."

"ते वारले. दुसरा साक्षीदार?"

गावातून सांगाडा डोक्यावर घेऊन हा माणूस दिवसाढवळ्या गेला होता. आखाजीचा सण, सगळे गाव ओट्यांवर. पण मी ब्राह्मणपुरीला चार ओट्यांवर विचारले तेव्हा कोणाला काही आठवत नव्हते. एकाने मला उलट विचारले, "दादा, दहा वरीसनी गोट. तुले दहा वरीसमांगली आखाजी याद शे का?" त्याला त्या आखाजीला पावसाचा शिंतोडा आला होता हे आठवत होते, गावात तमाशा कोणाचा होता हे आठवत होते. सायकल आठवत नव्हती. तिथून आप्पांचे घर दिसत होते.

आप्पांनी माझे चांगले स्वागत केले. खाट टाकली, चहा सांगितला. मी सरळ विचारले.

"बाबानी दिधी व्हई तर बाबाले इचारा," ते म्हणाले, आणि आपल्या उत्तरावर खूश होऊन मांडीवर थाप मारली. "सांगा, डोंगराना मानूसले अशी विलायती सायकल कोन दी?"

"ती गोठ्यात मोडून पडलेली होती ना?"

"मोडेल वस्तू बी मन्हीच ऱ्हास."

"दहा वर्षं ती तळोद्याच्या बाजारात फिरते आहे. तुम्ही बाजाराला जाता. तेव्हा का नाही म्हणालात?"

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "तवय ती पहिली उनी नव्हती," ते म्हणाले. मला वाटते, त्या दिवशी आप्पा जे बोलले त्यातले हे एकमेव प्रामाणिक वाक्य होते. त्यांच्या तोंडून ते निसटले होते.

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची पत्नी उभी होती. डोक्यावर पदर, हात पिठाचे. जिच्या बापाने ती सायकल दिली ती हीच. तिने माझ्याकडे पाहिले नाही, खांबाकडे पाहत म्हणाली, "मन्हा बापनं नाव शे त्यावर. मामाजीनी छिन्नी मारी तवय मी आठेच हुबी व्हती." मामाजी म्हणजे तिचे सासरे.

"तू मधमा जाय," आप्पा म्हणाले.

"जास. पन घाव शे त्यावर."

ती आत गेली. मी तिला कोर्टात बोलावण्याची गोष्टही काढली नाही. त्या घरची सून कोर्टाच्या पायरीवर चढली नसती. चढली असती तर परत त्या घरात कशी राहिली असती, हे मला विचारायचे कारण नव्हते.

मग लोहार. तळोद्याच्या बाजारपेठेच्या टोकाला त्याची भट्टी होती. मला वाटले होते की याच्यावर काम होईल. पट्टी बसवताना त्याने नळी समोर धरली होती. घाव त्याला दिसला असणारच.

"मी फट दखस, अक्षरं नही," लोहार म्हणाला. "माले वाचता कोठे येस?"

"घाव वाचावा लागत नाही."

"खरं शे. पन माले याद नही. याद नही ते मी सांगाव नही. शपथ दिधी तर इतलंच सांगसू: फट व्हती, पट्टी बसाडी, पितळ वतं."

या प्रकरणात खोटे बोलायला तयार नसलेला हा एक साक्षीदार, आणि त्याच्या खरेपणाचा उपयोग फिर्यादीलाच होणार होता. मी विचारले, पट्टी कापून काढता येईल का. त्याने दुसऱ्या एका पट्टीवर कानस चालवून दाखवले: पट्टीबरोबर खालची अक्षरेही घासली जातील. पितळ वितळवूनच ती सुटेल. "आनि तो पाइप एकदाव आग खाई बठेल शे," तो म्हणाला. "दुसरांदा खाई तर मरी जाई."

मधल्या काळात फौजदारांनी त्या माणसाला बोलावून तोड सुचवली. मी तिथे होतो. चुकून नेली असे म्हण, सायकल आप्पांकडे जाऊ दे, प्रकरण वर जाणार नाही. फौजदारांना हे औदार्य वाटत होते. चुकून नेली असा जबाब एकदा चौकीच्या दप्तरात गेला की पुढे काय होते हे तिथल्या प्रत्येक शिपायाला ठाऊक होते. खालच्या कोणत्याही गावात घर फुटले की पहिला निरोप त्याच्या पाड्यावर. जंगलतोडीच्या कूपाचा ठेकेदार त्याला कामावर घेणार नाही. बाजारात त्याच्या चारोळीच्या टोपलीकडे व्यापारी संशयाने बघेल. सायकल गेली तर तो पायी चालला असता. या जबाबानंतर त्याला कोठे पोचायचे उरले नसते.

"चुकीसन नही लई गऊ," तो म्हणाला. "डोकावर ठीसन लई गऊ. उजेडमा. गावमातून."

"मग दाखव," फौजदार म्हणाले.

"दखाडस."

मॅजिस्ट्रेटचे काम पाहणाऱ्या मामलेदारांनी, दोन पंचांसमक्ष, ज्या लोहाराने पट्टी घातली त्याच्याच हातून ती काढण्याची परवानगी दिली. त्यांना त्यात गैर काही वाटले नाही. आरोपीची वस्तू मोडणार होती, फिर्यादीची नव्हे, असे मी म्हटले. ते म्हणाले, वस्तू कोणाची तेच तर ठरायचे आहे. तर्क बिनचूक होता. मोडली तर भरपाई कोण करणार, हे त्या तर्कात कोठेच येत नव्हते.

बाजाराच्या दिवशी सकाळी सायकल तळोद्याला आणली. फौजदार आले, पंच आले, आप्पा बैलांच्या दमणीतून आले. बाजाराला उतरलेले डोंगरातले लोक टोपल्या खाली ठेवून भट्टीभोवती उभे राहिले. त्यांना कोणी बोलावले नव्हते आणि शिपायाने दोनदा हटकूनही ते हलले नाहीत. त्या माणसाने चाके स्वतः काढली, साखळी काढली, हँडल सैल करून काढले, आणि प्रत्येक वस्तू फडक्यात वेगळी बांधली. उघडा सांगाडा त्याने लोहाराच्या हातात दिला. देण्यापूर्वी बाटलीतल्या मोहाच्या दारूचे चार थेंब नळीवर टाकले, दसऱ्याला कोयत्या-कुऱ्हाडीवर टाकतात तसे. पंचांपैकी एकाने नाक मुरडले.

"सायकल जाई, भाऊ," लोहार हळूच म्हणाला. "आखो एकदाव इचार कर."

"काढ."

भाता चालला. नळी तांबूस झाली, पितळ पाझरून राखेत टपकले. लोहाराने चिमट्याने पट्टीची कड धरली आणि केळीचे साल सोलावे तशी ती उलगडली. मग नळी निवेपर्यंत सगळे थांबले. त्याने ती राखेने आणि तारेच्या ब्रशाने घासली. आधी ठिपके दिसू लागले, मग अक्षरे. आप्पांचे नाव. सासऱ्याचे नाव. तिथी. आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, एकाच हातोड्यात न बसल्याने तीन ठिकाणी सांधलेला, म्हाताऱ्या हाताचा एक आडवा घाव.

भोवतीच्या लोकांत कोणीतरी भिलीत काहीतरी म्हणाले. पट्टीखालचे पितळ घावाच्या आतही भरलेले होते. म्हणजे घाव पट्टीच्या आधीचा. लोहाराने हे पंचांना नखाने दाखवले. पंचांनी चष्मे सरकवून पाहिले आणि सही केली.

फौजदारांनी आप्पांना विचारले, "हा घाव कोणाचा?"

आप्पांनी वाकून पाहिले. "बाबानी छिन्नी अशीच चाले," ते म्हणाले, आणि दमणीकडे निघाले. सालदाराच्या समोरून त्यांना जावे लागले. ते गेले.

सांगाडा परत देण्यासाठी लोहाराने तो खालच्या नळीला धरून उचलला. फार जोराने नव्हे. नळी त्याच्या हातात ठिपक्यांच्या ओळीवर सरळ दुभंगली. मग त्याने दोन्ही तुकडे जमिनीवर ठेवले आणि म्हणाला, "मी सांगं व्हतं."

"तू सांगं व्हतं," तो माणूस म्हणाला.

फिर्याद मागे घेण्यात आली. दप्तरात कारण लिहिले: गैरसमज. गैरसमज कोणाचा, ते लिहिले नाही. व्यायामशाळेच्या चिटणिसांनी मला सांगितले की शर्यतीचा निकाल लागून गेला, आता बदलणे शोभणार नाही. सायकलीबद्दल कोणी कोणाला काही दिले नाही. आप्पा पुढच्या वर्षी त्याच शर्यतीला पाहुणे म्हणून बसले. मी या सगळ्याची दीड पानांची हकीकत संपादकांना पाठवली. त्यांनी एक ओळ छापली: नंदुरबार येथील सायकल-चोरीची फिर्याद काढून घेण्यात आल्याचे समजते. जागा नव्हती असे त्यांनी कळवले. त्या अंकात आप्पांच्या गावच्या भजनी मंडळाच्या वर्धापनदिनाला पाऊण रकाना होता. मी मोजला नाही, पण डोळ्याला दिसत होता.

ती ओळ मी त्या माणसाला तळोद्याच्या बाजारात वाचून दाखवली. त्याने विचारले, "चोर नही, हाई कोठे लिखेल शे?"

मी म्हटले, तसे लिहिलेले नाही.

"मंग काय लिखेल शे?"

मी पुन्हा वाचले.

त्याने कागद माझ्या हातून घेतला. घडी करून त्याने तो मला परत दिला. पहिला कागद त्याने जपून ठेवला होता, हा ठेवण्याजोगा वाटला नाही.

बऱ्याच दिवसांनी मुंबईच्या एका सायकल एजंटाचे पत्र आले. क्रमांक पाहून मी सुरुवातीला त्यांना लिहिले होते. फ्रेम इंग्लंडातली, मागच्या महायुद्धापूर्वीची, केवळ शर्यतीच्या गोल रिंगणात चालवण्यासाठी बनवलेली, आणि आता मिळणे अशक्य, असे त्यात होते. सांभाळून ठेवावी, असाही सल्ला होता. ती कोठून आली हे सगळ्यांना जाणून घ्यायचे होते, फौजदारांना, आप्पांना, मलाही. गोठ्यातून निघाल्यावर तिला कोणी चालते केले आणि तिच्यावर बसून तापीपर्यंत कोण गेले, हे त्या वेळी कोणी विचारले नाही.

त्या वर्षी पावसाळ्यापूर्वी तळोद्याला तो मला पुन्हा दिसला. पायी आला होता, डोक्यावर चारोळीची टोपली. व्यापाऱ्याच्या ओट्यावर कोणी नवखा मुनीम बसला होता आणि हा तोच का, सायकलवाला, असे त्याने शेजारच्याला विचारले. शेजारचा हसून काही बोलणार, तोच या माणसाने टोपली खाली ठेवली आणि कमरेच्या पिशवीतून नळीचा एक वीतभर तुकडा काढला. लोहाराकडून त्याने तो कापून घेतला होता. कडा कानशीने घासल्या होत्या, हाताला लागू नयेत म्हणून. त्याने तो मुनिमाच्या हातात दिला.

"घाव दख," तो म्हणाला, आणि मुनीम पाहीपर्यंत उभा राहिला. मग तुकडा परत घेतला, पिशवीत ठेवला आणि चारोळी मोजायला दिली.